समोरच्याच्या कमरेला पिस्तूल दिसते तेव्हा

लेकीच्या बाळंतपणासाठी तुम्ही पहिल्यांदाच अमेरिकेला गेला आहात. लेक-जावयाचे घर टेक्सासमध्ये, डॅलसजवळच्या एका उपनगरात आहे. शनिवारी सगळे मिळून किराणा आणायला निघता. दुकानाच्या काचेच्या दारावर एक लांबलचक पाटी आहे, वर इंग्रजीत आणि खाली स्पॅनिशमध्ये. आपल्याकडे 'आज रोख, उद्या उधार' लिहितात तसेच काही असेल म्हणून तुम्ही वाचायला थांबता आणि चपापता. परवाना असला तरी दिसेल असे पिस्तूल लावून या जागेत येऊ नये, असे त्या पाटीवर लिहिले आहे.

''म्हणजे एरवी लोक पिस्तूल लावून भाजी घ्यायला येतात?'' तुम्ही विचारता.

''येतात गं कधीकधी. तू बघू नकोस त्यांच्याकडे,'' लेक म्हणते आणि ट्रॉली घेऊन पुढे जाते.

तिने किती सहज सांगितले, 'बघू नकोस!' पण अमेरिकेत गेली कित्येक वर्षे 'ओपन कॅरी'वरून, म्हणजे पिस्तूल उघडपणे जवळ बाळगण्याच्या हक्कावरून जो वाद चालला आहे, त्याचे सारे मर्म या दोन शब्दांत आहे. पिस्तूल लावणाऱ्याने ते दिसावे म्हणूनच बाहेर लावलेले असते आणि बाकीच्यांनी मात्र ते दिसलेच नाही असे वागायचे असते. हा माणूस चांगला की वाईट, डोके शांत आहे की भडकलेले, हे ओळखण्याची जबाबदारी येऊन पडते ती पाहणाऱ्यावर. तो पाहणारा कधी पोलीस असतो, कधी काउंटरवरची मुलगी, तर कधी नातवाचे बोट धरून उभी असलेली आजी.

मुलगा अमेरिकेत, मुलगी अमेरिकेत, हे चित्र आता पुण्या-मुंबईपुरते राहिलेले नाही. इंदूर, बडोदा, हैदराबाद, बंगळुरू, कुठल्याही शहरातल्या मराठी घरात डोकावलात तरी ते दिसेल. म्हणूनच हा वाद समजून घेणे आपल्याही गरजेचे आहे.

काउबॉयच्या राज्यात बंदी होती

टेक्सास म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सिनेमातला काउबॉय उभा राहतो. डोक्यावर हॅट, पायात बूट आणि कमरेला पिस्तूल. खरी गोष्ट वेगळीच आहे. टेक्सासने 1871 सालीच सार्वजनिक जागी पिस्तूल बाळगण्यावर कडक निर्बंध घातले होते. पश्चिमेकडच्या ज्या गावांवर चित्रपट निघाले, त्यांतल्या अनेकांत गावात शिरताना शस्त्र जमा करावे लागे. ॲरिझोनातल्या टूमस्टोन गावी 1881 मध्ये झालेली जी गोळीबाराची चकमक जगप्रसिद्ध झाली, तिचे तात्कालिक कारणच गावात शस्त्र न बाळगण्याचा नियम मोडणे हे होते.

टेक्सासमधले हे चित्र बदलले ते एका भीषण घटनेनंतर. 16 ऑक्टोबर 1991 रोजी किलीन या गावातल्या एका कॅफेटेरियात एका माणसाने आपला ट्रक काच फोडून आत घातला आणि जेवत बसलेल्या लोकांवर गोळ्या झाडल्या. 23 जण मारले गेले. त्या दिवशी सुझॅना हप तिथे आई-वडिलांबरोबर जेवत होत्या. त्यांच्या मालकीचे रिव्हॉल्व्हर होते, पण जवळ बाळगणे कायद्याविरुद्ध असल्याने ते बाहेर गाडीत ठेवलेले होते. त्यांच्या डोळ्यांदेखत वडिलांना गोळी लागली आणि नंतर आईही मारली गेली. पुढे त्या टेक्सासच्या विधानसभेवर निवडून गेल्या आणि सामान्य माणसाला शस्त्र जवळ बाळगता आले पाहिजे, हेच त्यांनी आयुष्याचे काम मानले.

या बाईंच्या दुःखाकडे पाठ फिरवून हा वाद समजत नाही. बंदूक हवी म्हणणारे सगळे रिकामटेकडे, फुशारक्या मारणारे असतात असे मुळीच नाही. ज्याने आपल्या माणसाला डोळ्यांदेखत मरताना पाहिले, त्याला 'पोलीस येतील' हा दिलासा पुरत नाही.

1995 मध्ये टेक्सासने परवाना काढून, प्रशिक्षण घेऊन, कपड्यांखाली लपवलेले पिस्तूल बाळगण्याची मुभा दिली. त्यानंतर वीस वर्षे तेवढेच चालले. 2015 मध्ये गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी नव्या कायद्यावर सही केली, तीही एका नेमबाजी केंद्रात जाऊन. 1 जानेवारी 2016 पासून परवानाधारकांना पिस्तूल उघडपणे लावता येऊ लागले. अट एकच होती, ते खांद्याच्या किंवा कमरेच्या पट्ट्याला लावलेल्या खोळीत, म्हणजे होल्स्टरमध्ये असले पाहिजे. 1 सप्टेंबर 2021 पासून तर 21 वर्षांवरील बहुतेकांसाठी परवान्याची अटही गेली. गुन्हा सिद्ध झालेले आणि कायद्याने शस्त्र बाळगायला अपात्र ठरलेले तेवढे वगळले. होल्स्टरची अट मात्र राहिली.

म्हणजे 145 वर्षे जे चालत नव्हते, ते चालू झाले आणि त्यानंतर अवघ्या पावणेसहा वर्षांत परवानाही लागेनासा झाला.

बाजूने बोलणारे काय म्हणतात?

त्यांचा पहिला मुद्दा घटनेचा आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेतली दुसरी दुरुस्ती 1791 ची. शस्त्र बाळगण्याचा नागरिकांचा हक्क तिने मान्य केला आहे. तो हक्क व्यक्तीचा आहे असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये म्हटले आणि जून 2022 मध्ये घराबाहेरही स्वसंरक्षणासाठी पिस्तूल बाळगण्याचा हक्क मान्य केला.

दुसरा मुद्दा धाक बसण्याचा. पिस्तूल दिसले की चोर दुसरे घर शोधेल, असे त्यांचे म्हणणे असते. तिसरा मुद्दा अगदी रोजच्या व्यवहारातला आहे. टेक्सासच्या उन्हाळ्यात पिस्तूल झाकायला जाकीट कोण घालणार? वाऱ्याने शर्ट उडाला आणि पिस्तूल दिसले एवढ्यावर सज्जन माणूस गुन्हेगार ठरावा का?

चौथा मुद्दा ऐकून तर आपणही विचारात पडतो. लपवलेले पिस्तूल चालते ना तुम्हाला? मग तेच पिस्तूल दिसले म्हणून धोका कसा वाढला? उलट कोणाकडे शस्त्र आहे हे कळले तर बरेच नाही का? एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या काही न्यायालयांनी असाच विचार केला होता. सरळ माणूस शस्त्र उघड बाळगतो, लपवतो तो दगाबाज, असा तेव्हाचा समज होता. आज तो पुरता उलटला आहे.

मुद्द्यात तथ्य आहे, पण तो अर्धाच आहे. लपवलेले पिस्तूल फक्त बाळगणाऱ्याशी बोलते. वेळ आली तर मी आहे, असे ते त्यालाच सांगते. दिसणारे पिस्तूल मात्र खोलीतल्या प्रत्येकाशी बोलते. ते काय बोलते, हे बाळगणारा ठरवू शकत नाही. तो म्हणतो, 'मी तुमचा रक्षक.' पलीकडची बाई ऐकते, 'माझ्याशी हुज्जत घालू नकोस.' पार्किंगवरून वाद झाला, रांगेत कोणी पुढे घुसले, शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल तक्रार करायची आहे, तेव्हा एकाच्या कमरेला पिस्तूल असेल तर बोलणे बरोबरीचे राहते का? त्याने पिस्तुलाला हातही लावलेला नसतो, पण दुसऱ्याने आवाज खाली आणलेला असतो.

पोलिसांचीच पंचाईत

तुम्हाला वाटेल, पोलिसांना तरी हा कायदा हवा असेल. पण 2015 मध्ये टेक्सासमधल्या बहुसंख्य पोलीस प्रमुखांनी त्याला विरोध केला होता.

त्या वेळी विधानसभेत एका प्रश्नावर जोरदार खडाजंगी झाली. एखाद्याच्या कमरेला पिस्तूल दिसले, तर केवळ तेवढ्या कारणाने पोलीस त्याला थांबवून परवाना विचारू शकतात का? तसे विचारायला मनाई करणारी दुरुस्ती मांडली गेली आणि गंमत म्हणजे तिच्या बाजूने परस्परांचे कट्टर विरोधक एकत्र आले. उजव्या विचारांच्या रिपब्लिकन आमदारांना सरकारचा हस्तक्षेप नको होता. कृष्णवर्णीय डेमोक्रॅट आमदाराला भीती होती की, पोलीस परवाना विचारतील तो फक्त काळ्या माणसाला. पोलीस संघटनांनी कडाडून विरोध केला आणि ती दुरुस्ती शेवटी गळाली. पण 2021 मध्ये परवानाच लागेनासा झाल्यावर तो विचारण्याचा प्रश्नही उरला नाही.

कायदा लागू होऊन सहा महिने होतात न होतात तोच, 7 जुलै 2016 रोजी डॅलसमध्ये एका मोर्चाच्या वेळी एका हल्लेखोराने पाच पोलिसांना ठार मारले. टेक्सासमध्ये लांब नळीची बंदूक आधीपासूनच उघडपणे नेता येत असे आणि त्या मोर्चात वीस-तीस माणसे खांद्याला रायफल लावून कायदेशीरपणे चालत होती. गोळीबार सुरू होताच तीही सैरावैरा धावली. त्यांतला हल्लेखोर कोण आणि जीव वाचवायला पळणारा कोण, हे पोलिसांनी कसे ओळखायचे? त्यांतल्याच एकाचा फोटो पोलिसांनी संशयित म्हणून जगभर पोहोचवला. त्याने स्वतःहून आपली रायफल पोलिसांच्या हवाली केली होती आणि त्याचा हल्ल्याशी काहीही संबंध नव्हता. त्या गर्दीत चांगला आणि वाईट वेगळा करणे अवघड झाल्याचे डॅलसचे तेव्हाचे पोलीस प्रमुख डेव्हिड ब्राउन यांनी उघडपणे सांगितले. ते स्वतः कृष्णवर्णीय आहेत.

याआधीचा एक प्रसंग तर सुन्न करणारा आहे. 31 ऑक्टोबर 2015, कोलोरॅडो राज्यातले कोलोरॅडो स्प्रिंग्ज हे शहर. सकाळी एका बाईला समोरून एक माणूस हातात रायफल घेऊन जाताना दिसला. तिने आणीबाणीच्या 911 क्रमांकावर फोन केला. पलीकडून तिला सांगण्यात आले की, राज्यात शस्त्र उघडपणे बाळगण्याची मुभा आहे. काही मिनिटांनी तिला पुन्हा फोन करावा लागला, कारण तोवर त्या माणसाने एकाला गोळी घातली होती. त्या सकाळी त्याने तिघांचा जीव घेतला आणि शेवटी पोलिसांच्या गोळीने तोही मेला.

यात फोन घेणाऱ्याला दोष देऊन काय उपयोग? रायफल घेऊन रस्त्यावर चालणे गुन्हा नसेल, तर पहिली गोळी सुटेपर्यंत तो माणूस कायदा पाळणारा नागरिकच असतो. त्या बाईला जे खटकले ते अगदी बरोबर होते, पण कायद्याच्या चौकटीत त्याला जागाच नव्हती.

कमर कोणाची, यावरही अवलंबून

आता जरा अवघड गोष्टीकडे वळूया. एकच पिस्तूल, पण ते गोऱ्या माणसाच्या कमरेला असेल तर 'हक्क' दिसतो आणि काळ्या माणसाच्या कमरेला असेल तर 'धोका' दिसतो, हा अमेरिकेचा जुना अनुभव आहे.

मे 1967 मध्ये कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर संघटनेचे कार्यकर्ते भरलेल्या बंदुका घेऊन सॅक्रॅमेंटोच्या विधानभवनात गेले. उघडपणे शस्त्र बाळगायला तेव्हा बंदी नव्हती. पण काळी माणसे शस्त्रे घेऊन विधानभवनात शिरली म्हटल्यावर सरकार हादरले. भरलेले शस्त्र सार्वजनिक जागी बाळगायला बंदी घालणारे विधेयक आधीच पुढे आलेले होते. ते झपाट्याने मंजूर झाले आणि त्यावर सही केली ती रिपब्लिकन गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी. आज ओपन कॅरीसाठी लढणारा पक्ष तोच आहे.

ऑगस्ट 2014 मध्ये ओहायो राज्यातल्या एका मोठ्या दुकानात एक कृष्णवर्णीय तरुण फोनवर बोलत फिरत होता. दुकानातच विक्रीला असलेली छऱ्यांची बंदूक त्याने सहज उचलून हातात धरली होती. कोणीतरी पोलिसांना कळवले आणि पोलिसांनी आल्याआल्या त्याला गोळी घातली. ओहायोत खरी बंदूकसुद्धा उघडपणे बाळगायला परवानगी आहे.

आपल्या सावळ्या, गव्हाळ रंगाच्या मुलांना या मोजपट्टीवर कुठे बसवायचे? 2017 मध्ये कॅन्सस राज्यातल्या ओलेथ या गावी एका बारमध्ये बसलेल्या दोघा भारतीय अभियंत्यांवर एका माणसाने 'माझ्या देशातून निघून जा' असे ओरडत गोळ्या झाडल्या. त्यांतला एक मरण पावला. रंगावरून समोरच्याला जोखणारी नजर आणि कमरेचे पिस्तूल एकत्र आले की काय होते, हे त्या कुटुंबाला विचारा.

दुकानदारांनी काढलेली वाट

कायद्याने जे सोडवले नाही, ते दुकानदारांना आपल्या दारात सोडवावे लागले.

2014 मध्ये टेक्सासमधले काही ओपन कॅरी समर्थक पिस्तुलाचा हक्क मिळावा म्हणून खांद्याला रायफली लावून दुकानांत आणि खाण्याच्या ठिकाणी जाऊ लागले, फोटो काढू लागले. मुलांना घेऊन आलेल्या आया घाबरल्या. बंदूकधारकांची बलाढ्य संघटना एनआरएनेसुद्धा या प्रकाराला विचित्र म्हटले, पण समर्थक चिडताच चार दिवसांत ते मागे घेतले.

दुसऱ्या बाजूने आयाच पुढे आल्या. डिसेंबर 2012 मध्ये कनेक्टिकटमधल्या सँडी हूक शाळेत 20 मुले आणि 6 शिक्षक-कर्मचारी मारले गेले. दुसऱ्याच दिवशी पाच मुलांची आई असलेल्या शॅनन वॉट्स यांनी घरात बसून फेसबुकवर एक गट सुरू केला. त्यातून 'मॉम्स डिमांड ॲक्शन' ही चळवळ उभी राहिली. या बायकांनी सरकारबरोबरच दुकानांनाही विचारायला सुरुवात केली, 'आम्ही मुलांना घेऊन तुमच्याकडे यायचे की नाही?'

परिणाम झाला. स्टारबक्सने 2013 मध्ये, चिपोटले आणि टार्गेटने 2014 मध्ये ग्राहकांना शस्त्रे आणू नका अशी विनंती केली. ऑगस्ट 2019 मध्ये टेक्सासच्या एल पासो शहरात वॉलमार्टमध्ये गोळीबार होऊन 23 जणांचा बळी गेल्यावर वॉलमार्टनेही शस्त्र उघडपणे आणू नका असे सांगितले. टेक्सासमधली घराघरांत माहीत असलेली किराणा दुकानांची साखळी एचईबी हिनेही ओपन कॅरी आपल्या दुकानांत चालणार नाही असे ठरवले.

लेकीबरोबर जाताना तुम्ही वाचलेली ती पाटी यातूनच आली. तिचा मजकूर कायद्यानेच ठरवून दिला आहे. अक्षरे किमान एक इंच उंचीची हवीत, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही भाषा हव्यात, पार्श्वभूमीवर उठून दिसणारा रंग हवा. उघड्या पिस्तुलासाठी वेगळी पाटी, लपवलेल्यासाठी वेगळी आणि 2021 नंतर परवाना नसलेल्यांसाठी आणखी वेगळी. पिस्तूल लावणाऱ्याला परवानाही लागत नाही, पण 'नको' म्हणणाऱ्या दुकानदाराला मात्र इंचपट्टी घेऊन अक्षरे मोजावी लागतात. ओझे कोणावर टाकले आहे, हे यावरूनच कळावे.

वाद अजून संपलेला नाही. इलिनॉय आणि न्यूयॉर्कसारखी राज्ये आजही ओपन कॅरीला परवानगी देत नाहीत. फ्लोरिडात 1987 पासून बंदी होती, ती सप्टेंबर 2025 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. टेक्सासने दहा वर्षांपूर्वी जे अनुभवले, ते आता फ्लोरिडातल्या आई-बाबांच्या वाट्याला आले आहे.

तुमच्या मुलांना हे नक्की सांगा

वाद न्यायालयात चालत राहील. तुमची मुले तिथे आज राहत आहेत, तेव्हा या गोष्टी त्यांच्याशी मोकळेपणाने बोला.

पहिली गोष्ट व्हिसाची. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे विद्यार्थी व्हिसा, एच-1बी किंवा पर्यटक व्हिसावर गेलेल्यांना, शिकारीचा परवाना असण्यासारखे मोजके अपवाद सोडले तर, बंदूक किंवा गोळ्या बाळगता येत नाहीत. टेक्सासमध्ये परवाना लागत नाही, याचा अर्थ आपल्या मुलाला मोकळीक आहे असा नव्हे. मित्राची बंदूक हातात घेऊन फोटो काढणे आणि तो इन्स्टाग्रामवर टाकणे हा पोरखेळ नाही. त्यापायी व्हिसा, नोकरी, सगळेच धोक्यात येऊ शकते.

दुसरी गोष्ट नातवंडांची. दिसणाऱ्या पिस्तुलाला आपण घाबरतो, पण जास्त जीव जातात ते घरात पडलेल्या, न दिसणाऱ्या पिस्तुलाने. 2021 मध्ये अमेरिकेत बंदुकीने 48,830 जीव गेले आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. 2020 पासून तिथल्या लहान आणि किशोरवयीन मुलांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण बंदूक हेच आहे, मोटार अपघातही तिच्या मागे पडले. साधारण तीन प्रौढांमागे एकाकडे स्वतःची बंदूक आहे. म्हणून नातू मित्राकडे खेळायला निघाला की त्याच्या आईने फोनवर विचारायला हवे, 'तुमच्याकडे बंदूक आहे का? असली तर कुलपात असते का?' तिथले बालरोगतज्ज्ञही पालकांना हाच सल्ला देतात. 'असे विचारले तर काय वाटेल त्यांना?' हा आपला मराठी संकोच इथे बाजूला ठेवा. शेंगदाण्याची ॲलर्जी आहे हे आपण सांगतोच ना, तसेच हे.

तिसरी गोष्ट प्रत्यक्ष प्रसंगाची. दुकानात कोणाच्या कमरेला, होल्स्टरमध्ये पिस्तूल दिसले, तर त्याच्याकडे टक लावून पाहू नका, फोटो काढू नका, वाद घालू नका. अस्वस्थ वाटले तर सामान तिथेच सोडून शांतपणे बाहेर पडा. त्यात कमीपणा कसला? पण शस्त्र हातात असेल, कोणावर रोखलेले असेल, माणूस ओरडत असेल, तर आधी तिथून दूर व्हा आणि 911 वर फोन करा. फोनवर 'त्याच्याकडे बंदूक आहे' एवढेच न सांगता तो काय करतो आहे हे सांगा.

आणि परत येताना एक काळजी घ्या. नेमबाजीच्या मैदानावरची आठवण म्हणून एखादी गोळी कोणी बॅगेत टाकलेली नाही ना, हे पाहा. भारतातल्या विमानतळावर एक गोळी सापडली तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो.

आपण फार वेगळे आहोत का?

हे सगळे वाचून 'बरे झाले, आपल्याकडे असले काही नाही' असे तुमच्या मनात आले असेल. कायद्यापुरते ते खरे आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याने आपल्याकडे परवान्याशिवाय बंदूक ठेवता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात. 2016 चे नियम तर स्पष्ट सांगतात की, सार्वजनिक जागी नेलेले शस्त्र पूर्ण झाकलेले असले पाहिजे. लग्नाच्या वरातीत हवेत गोळीबार करणे हाही आता वेगळा गुन्हा आहे.

पण मिरवण्याची हौस कायद्याला जुमानते कुठे? पंजाब सरकारला नोव्हेंबर 2022 मध्ये शस्त्रांच्या जाहीर प्रदर्शनावर आणि बंदुकीचे गोडवे गाणाऱ्या गाण्यांवर बंदी घालावी लागली. आपल्या बीड जिल्ह्यात पिस्तूल नाचवणारे, हवेत गोळ्या झाडणारे व्हिडिओ गाजल्यावर 2025 च्या सुरुवातीला प्रशासनाने अनेकांचे परवाने रद्द केले. ती पिस्तुले कोणी चोरांसाठी बाहेर काढलेली नव्हती. ती दाखवायची होती गावाला, भावकीला, ग्रामपंचायतीत आपल्याविरुद्ध मत देणाऱ्याला. 'माझ्याशी हुज्जत घालू नकोस' हाच तो निरोप.

टेक्सासमधला माणूस ज्याला घटनेने दिलेला हक्क म्हणतो, त्याला आपल्याकडे वट म्हणतात. पाहणाऱ्याच्या पोटात मात्र दोन्हीकडे सारखाच गोळा उठतो.

स्वसंरक्षणाचा हक्क प्रत्येकाला आहे. सुझॅना हप यांच्यासारखे दुःख कोणाच्याही वाट्याला येऊ नये. पण एकाची सुरक्षितता जर बाकी सगळ्यांनी मान खाली घालून चालण्यावर उभी असेल, तर तिला सुरक्षितता म्हणता येणार नाही. भाजीच्या दुकानात, शाळेच्या दारात, देवळाच्या रांगेत आपण अनोळखी माणसांच्या गर्दीत निर्धास्त उभे राहतो. प्रत्येकाच्या कमरेला शस्त्र आहे म्हणून हे शक्य होत नाही. समोरच्याच्या कमरेकडे पाहण्याची वेळच आपल्यावर येत नाही, म्हणून ते शक्य होते.

पुढच्या वेळी लेक म्हणाली, 'आई, बघू नकोस,' तर तिला सांगा, 'बघू नकोस म्हणतेस ते ठीक आहे. पण आमच्या डोळ्यांना हे दिसू नये, ही काळजी त्याने घ्यायची की मी?'